डीई रेझर घेतल्यापासून मानेवर पुरळ परत परत येतंय? ब्लेड बदलायच्या आधी पाणी बदलून बघा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. कार्ट्रिज (तयार पात्यांचं डोकं बसवायचा रेझर) सोडून डबल एज म्हणजे डीई सेफ्टी रेझर घेतला, दोन्ही कडांना धार असलेलं सुटं ब्लेड घालायचा, सुरवातीला गाल असे गुळगुळीत की स्वतःच हात फिरवत बसावं, डोकंही घरच्या घरी चकोट, सलूनचे पैसे वाचले म्हणून खूश, आणि मग एक दिवस गळ्यावर लाल पट्टा उठतो, मानगुटीवर पुळ्या येतात, शर्टाची कॉलर लागली तरी चरचरतं. मग ब्लेड बदलायचं. दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. मग ब्लेडची कंपनी बदलायची, मग रेझरच बदलायचा, मग कुणीतरी म्हटलं म्हणून जपानी नाहीतर तुर्की ब्लेड ऑनलाइन मागवायचं, आणि शेवटी तो भारीतला रेझर बाथरूमच्या खिडकीत धूळ खात पडतो आणि गडी परत कार्ट्रिजवर. "नवीन ब्लेड टाकलं की भारी वाटतंय बे, मग परत चालू", हे वाक्य मी आपल्या सोलापुरात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी ब्लेडचं नावसुद्धा विचारत नाही, आधी विचारतो की दाढी कुठल्या पाण्यानं करताय.

कारण बघा, ब्लेड खराब असेल तर त्रास रोज व्हायला पाहिजे. हा त्रास येतो-जातो. आणि येण्याजाण्याची तारीख बघितली तर बऱ्याचदा ती नळाच्या पाण्याच्या तारखेशी जुळते. नळाला पाणी आलं, टाकी भरली, उजनी धरणाचं पाणी आहे तोवर फेस चांगला होतो. नळाला पाणी यायच्या पुढच्या पाळीपर्यंत टाकी उतरते, मग बोअर चालू होतो किंवा टँकर येतो, आणि बाथरूमच्या त्याच नळातून वेगळंच पाणी यायला लागतं, आपल्याला पत्ताच नाही. उन्हाळ्यात बोअरचं प्रमाण वाढतं, त्यामुळं एप्रिल-मे मध्ये सगळ्यांचीच मान लाल. लोक म्हणतात घामामुळं. घाम असतोच, पण घामाला सगळं खापर फोडून मोकळं होऊ नका.

आता पाण्यानं नेमकं काय होतं ते. आपल्या भागात खाली सगळा काळा पाषाण, त्यातून मुरून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर, यालाच जड पाणी म्हणतात. गीझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांवर, नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो तो हाच. शेव्हिंग क्रीम काय किंवा साबण काय, मुळात तो साबणच असतो, आणि साबणाला हे क्षार भेटले की त्याचा चिकट राखाडी साका होतो, बादलीच्या कडेला बसतो ना तसा. म्हणजे तुम्ही घेतलेल्या क्रीममधला बराचसा भाग क्षारांशी भांडण्यातच संपतो, जो काही फेस उरतो तो दिसायला फुगलेला पण आतून पोकळ, त्यात ओल नाही आणि बुळबुळीतपणा नाही. ब्लेड फिरतं ते जवळजवळ कोरड्या कातडीवर. मग ते ओढायला लागतं, ओढतंय म्हणून आपण दाब वाढवतो, दाब वाढला की कातडीचा वरचा थर खरवडला जातो. नवीन ब्लेड टाकलं की दाब कमी लागतो म्हणून दोन दिवस बरं वाटतं, एवढीच त्या नवीन ब्लेडची जादू.

खात्री करायची असेल तर एकदम सोपी टेस्ट आहे, पैसा लागत नाही. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत बाथरूमच्या नळाचं पाणी, दुसरीत प्यायचं आरओचं किंवा जारचं, साधारण अर्धा अर्धा ग्लास. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि सारखंच हलवा. चांगल्या पाण्यावर फेसाचा टोप बसतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं, जड पाण्यात फेस लगेच बसतो आणि खाली नासलेल्या दुधासारखं गढूळ दिसतं. फक्त साबण खरा पाहिजे, वेष्टनावर टॉयलेट सोप ग्रेड १ लिहिलेला बघा (म्हणजे त्यात ७६ टक्के किंवा जास्त टीएफएम, साबणातला एकूण स्निग्ध भाग). हँडवॉश, शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड चालणार नाही, ते डिटर्जंट प्रकारातलं असतं आणि जड पाण्यातही फेस देतं, मग तुम्ही म्हणाल पाणी मस्त आहे. आणि ही टेस्ट ज्या दिवशी मान जळतीय त्या दिवशी करा, नळाला पाणी आलेल्या दिवशी करून काय उपयोग.

पाणी जड निघालं तर घाबरून लगेच हे क्षार काढणारा हजारोंचा सॉफ्टनर लावायची गरज नाही. दाढीला पाणी लागतं किती? ब्रश भिजवायला, फेस करायला आणि रेझर बुचकळायला मिळून एक तांब्या. तेवढं प्यायचं पाणी घ्या, गॅसवर कोमट करा आणि त्यातच सगळं उरका, शेवटचं तोंड धुवायलाही त्यातलंच थोडं ठेवा. आरओ नसेल तर पाणी उकळून, गार करून, खाली बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. याने जडपणा सगळा जात नाही, बायकार्बोनेटचा भाग तेवढा खाली बसतो, सल्फेट-क्लोराइडवाले क्षार तसेच राहतात, पण फरक कळतो. एक मात्र लक्षात ठेवा, आरओच्या मागच्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं, फरशी पुसायला म्हणून आपण बादलीत साठवतो, ते चुकूनही घेऊ नका, त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. आरओचंच पाणी वापरतोय म्हणणाऱ्या एका काकांची बादली नेमकी तीच निघाली होती. अजून एक सल्ला लोक देतात, मगात लिंबू पिळा म्हणून. आंबटपणा साबण फोडतो, फेस अजून मरतो आणि कापलेल्या जागी झोंबतं ते वेगळंच. लिंबू पोह्यांवरच राहू द्या.

ज्यांना एवढं पण करायचं नाही त्यांच्यासाठी अजून सोपा मार्ग, शोध लावण्यापुरता. एक-दोन वेळा ब्रश बाजूला ठेवा आणि कॅनमधला तयार फोम किंवा जेल लावून त्याच ब्लेडनं, त्याच रेझरनं दाढी करा. तो फेस कारखान्यातूनच बनून येतो, तुमच्या नळावर अवलंबून नाही. मान शांत राहिली तर ब्लेड निर्दोष, चोर पाण्यात किंवा तुमच्या फेसात. मान तरीही पेटली तर पुढं वाचा, हाताकडं बघायला लागणार.

फेसाबद्दल दोन शब्द, कारण पाणी सुधारूनही काही जण फेस बिघडवतात. क्रीम बदामाएवढं पुरतं, कटोरीत किंवा थेट गालावर. ब्रश भिजवून दोन झटके द्यायचे म्हणजे ठिबकणार नाही आणि मग थेंब थेंब पाणी वाढवत फिरवत राहायचं, मिनिटभर तरी. झाला का हे डोळ्यानं बघू नका, चिमटीत घेऊन बोटं घासून बघा, सटासट सटकली पाहिजेत. ढगासारखा फुगलेला फेस फोटोला छान दिसतो पण ब्लेडला त्याचा उपयोग नाही, आपल्याला पाहिजे दह्यासारखा घट्ट, चकाकणारा. आणि आंघोळीनंतर करा ओ, आधी नको. केसाला पाणी प्यायला दोन-तीन मिनिटं लागतात, भिजलेला केस कापायला कोरड्यापेक्षा खूपच कमी जोर लागतो. दाढी आधी, आंघोळ मग, हा आपल्याकडचा जुना क्रम, त्यामागं विटाळाचं वगैरे काय असेल ते असेल, पण कातडीच्या हिशेबानं तो उलटा आहे. क्रम मोडायचा नसेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा. आपण टेरी टॉवेलच्या गावात राहतो, एवढं तरी करायला पाहिजे.

डोकं करणाऱ्यांसाठी यात एक मोठी गोम आहे ती म्हणजे तेल. सकाळी खोबरेल चोपडलेलं असतं, रविवारी डोकं करायचं म्हणून बसलं की फेस टिकतच नाही, दोन हात मारेपर्यंत विरून जातो. तेल फेसाला मारतं. डोकं करायच्या आधी शाम्पूनं तेल पूर्ण काढा, कोंडा असेल तर तोही निघून जाऊ दे, नाहीतर कोंड्याची खपली ब्लेडखाली येऊन उचकटते आणि रक्त येतं. तेल लावायचंच असेल तर सगळं झाल्यावर लावा.

आता हात. कार्ट्रिजचं डोकं स्वतः वळतं, तुम्ही कसंही धरा ते कातडीला टेकून राहतं, आणि वर्षानुवर्षं आपल्याला दाबायची सवय लागलेली असते. दोन पात्यांचं पहिलं गाजलेलं कार्ट्रिज १९७१ ला आलं, तेव्हापासून पाती वाढतच गेली, पहिलं पातं केस जरा ओढून धरतं आणि मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं, गुळगुळीत वाटतं ते त्यामुळंच, आणि कुरळ्या केसवाल्यांचे केस आतल्या आत वळून रुततात तेही बऱ्याचदा त्यामुळंच. डीईमध्ये पातं एकच आणि डोकं फिक्स. म्हणजे कोन तुम्हाला धरायचाय. रेझरची टोपी आधी गालावर आडवी टेकवा, हँडल जवळजवळ काटकोनात बाहेर येईल, मग हँडल हळूहळू खाली आणा, जिथं केस कापायला सुरवात होते तिथं थांबा. साधारण ३० अंश म्हणतात, पण कोनमापक घेऊन कोण बसतंय, कानानं ओळखा, बरोबर कोनाला खर्र खर्र असा स्पष्ट आवाज येतो. पंखा आणि मोबाईलवरची गाणी बंद ठेवून एकदा दाढी करून बघा, आवाजावरून किती कळतं ते. दाब शून्य. रेझर धातूचा असतो, त्याचं वजन पुरतं. हँडलच्या अगदी शेवटाला दोन-तीन बोटांनी धरलं तर दाबता येतच नाही, म्हणून मी नवीन माणसाला तिथंच धरायला सांगतो.

मानेचा खरा घोळ मात्र केसांच्या दिशेत आहे, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार. गालावर केस वरून खाली येतात, सगळ्यांना माहिती. गळ्यावर तसं नसतं. कुणाचे घाटीच्या (कंठमण्याच्या) खाली वरच्या दिशेनं उगवतात, कुणाचे एका बाजूला आडवे, कुणाचे डावीकडं एक आणि उजवीकडं भलतंच. आपण मात्र सगळीकडं वरून खाली रेझर ओढतो आणि समजतो की सुलटा हात मारतोय, प्रत्यक्षात गळ्याच्या खालच्या भागात तो पहिल्याच फेरीत उलटा पडलेला असतो. मग दुसऱ्या फेरीत खालून वर. रोज तीच जागा, रोज उलटी, मग ती जागा लाल होणार नाही तर काय होणार. दोन दिवसाचे खुंट वाढू द्या आणि बोटाचं टोक चारी दिशांनी फिरवा, ज्या दिशेला मऊ लागतं ती सुलटी. आरशात बघून कागदावर बाण काढून ठेवा, हसू नका, खरंच काढा, आठवडाभरात पाठ होतं मग कागद फेकून द्या.

ज्यांना हा त्रास वारंवार होतोय त्यांनी निदान महिनाभर तरी गळ्यावर फक्त सुलटी फेरी मारायची, फार तर परत फेस लावून एक आडवी. उलटी बंद. थोडे खुंट हाताला लागतील, लागू द्या, लांबून कुणाला दिसत नाहीत. मंगळवार पेठेत एका सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला कारागीर म्हणाला होता, "साहेब, उलटा मारतो, पण परवा मला शिव्या देत यायचं नाही." त्याला सगळं माहिती असतं. त्याच्या वस्तऱ्यात पण हेच डीई ब्लेड अर्धं तोडून बसवलेलं असतं, म्हणजे ब्लेड तेच, फरक हाताचा आणि फेसाचा. कातडी ताणायची ती पण बेतानं, गाल ताणा, गळा फार ताणू नका, ताणून कापलेला केस सोडल्यावर आत जातो आणि तिथंच वळतो.

त्रास कधी दिसतो यावरून पण बरंच कळतं. दाढी झाल्या झाल्या आग होत असेल, पाणी लावलं तरी झोंबत असेल तर दाब, कोन किंवा फेस. त्या दिवशी काहीच नाही आणि दोन-तीन दिवसांनी टोकात केस अडकलेल्या पुळ्या, तर केस आत वळतायत, म्हणजे जास्त जवळून कापताय, उलटी फेरी किंवा ताण. आणि एकाच बाजूला, समजा कायम उजव्याच गळ्यावर, तर एकतर दिशा चुकतीय नाहीतर रेझरमध्ये ब्लेड वाकडं बसलंय.

हे वाकडं बसणं स्वस्त तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये बघायला मिळतं. टोपी, ब्लेड, खालची पट्टी लावली की रेझर डोळ्यासमोर उभा धरून दोन्ही बाजूला ब्लेडची धार किती बाहेर आलीय ते बघा, दोन्हीकडं सारखी रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त असेल तर सैल करा, टोपी खाली वळवून धरा, ब्लेडच्या आखूड कडांना दोन बोटांनी दाबून मगच हँडल घट्ट करा. पक्कड लावल्यासारखं आवळू नका, यातले बरेच रेझर झमॅक म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, वरून क्रोमचा मुलामा, आत आटा मोडला की रेझर गेला. पितळी नाहीतर स्टेनलेस स्टीलचा असेल तर ही काळजी कमी. खोबणीत साबणाचा साका बसूनही ब्लेड तिरकं बसतं, जड पाण्याच्या घरात तर हमखास, जुन्या दाताच्या ब्रशनं अधूनमधून घासा, पांढरा थर निघत नसेल तर स्टील किंवा पितळी रेझर थोडा वेळ पातळ व्हिनेगरमध्ये ठेवून धुवा, झमॅकवाल्याला आंबटात ठेवू नका, मुलामा जिथं उडालाय तिथून धातू खाऊन टाकतं.

ब्लेडबद्दल मुद्दाम शेवटी बोलतोय. डीईची गंमत अशी की किंग जिलेट नावाच्या अमेरिकन माणसानं १९०३ ला हा प्रकार विकायला काढला, आणि आज कुठल्याही कंपनीचं डीई ब्लेड कुठल्याही डीई रेझरमध्ये बसतं. त्यामुळं बदलून बघायचा मोह होतो, ब्लेड स्वस्त, चार-पाच प्रकारची पाकिटं आणली तरी एका कार्ट्रिजच्या पैशात येतात. बघा बदलून, पण पाणी, फेस आणि हात पक्का झाल्यावर. सगळं एकदम बदललं तर फरक कशानं पडला ते कळणार कसं? नवीन माणसानं टोपाझ, सेव्हन ओ क्लॉक असलं बाजारात मिळणारं साधं स्टेनलेस ब्लेड घ्यावं, जपानी फेदरसारखं अतिधारदार नंतर. विश्वासाच्या दुकानातून घ्या, पाकिटाची छपाई अंधुक, ब्लेडवरचं नाव पुसट असेल तर सोडून द्या. आणि धुतल्यावर धार टॉवेलला पुसू नका, धारेवर पातळ थर दिलेला असतो, तो जातो, नुसतं झटकून वाळू द्या. फक्त दाढी असेल तर तीन ते पाच वेळा, डोकं पण त्याच ब्लेडनं करत असाल तर दोनदा-तीनदा, ओढायला लागलं की मोजत बसू नका, फेका. दोन-पाच रुपयाच्या ब्लेडसाठी मान पणाला कशाला.

डोक्याचं थोडं वेगळं. चार-पाच दिवसाचे केस असतील तर आधी ट्रिमर मारा, नाहीतर रेझर भरतो आणि उगाच एकाच जागी दहा हात होतात. भोवऱ्याच्या जागी केस गोल फिरतात, तिथं सुलटं असं काही नसतंच, छोटे छोटे हात चारी बाजूंनी भोवऱ्यापासून बाहेरच्या दिशेनं मारा. मागं आरसा घेऊन बघत बसू नका, आरशात हात उलटा चालतो आणि कोन जातो, त्यापेक्षा मोकळा हात पुढं फिरवत जा आणि रेझर त्याच्या मागं, बोटांना जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. कवटीच्या मागं जो उंचवटा आहे त्याच्या खाली कातडीला घडी पडते, मान पुढं वाकवा म्हणजे घडी उलगडेल, तिथं एकच फेरी, वरून खाली, संपलं. कानामागं आखूड हात, कान पुढं दुमडून.

त्या मानगुटीवर कडक, न जाणाऱ्या गाठी यायला लागल्या असतील तर मात्र रेझर ठेवून द्या. तिथल्या केसांच्या मुळांना सूज येऊन जाड व्रण बनण्याचा एक प्रकार असतो, अगदी मुळापासून केस कापणं आणि कॉलर, हेल्मेट यांचं घासणं याने तो वाढतो, लवकर दाखवला तर आटोक्यात राहतो. होटगी रोडवरून रोज चिंचोलीपर्यंत हेल्मेट घालून जाणाऱ्यानं डोकं सकाळी निघायच्या आधी करू नये, आदल्या रात्री करावं, आणि हेल्मेटच्या आतलं अस्तर धुवावं, कधी धुतलंय आठवतंय का?

दाढीनंतर तुरटी चालते, ओल्या कातडीवर फिरवून अर्ध्या मिनिटानं धुवून टाकायची, बारीक रक्त थांबतं. तुरटी फुकटची परीक्षक पण आहे, जिथं झोंबली तिथं दाब जास्त पडलाय, रोज तीच जागा झोंबत असेल तर तिथला हात सुधारा. वाळू देऊन तशीच ठेवली तर कातडी ताणते, खाज येते. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह लाल मानेवर नको, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, आणि नवा टॉवेल एक-दोनदा धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, कडक असतो आणि पाणीही नीट पीत नाही. चकोट डोक्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन, एसपीएफ ३० तरी, वर टोपी, आपल्याकडं मार्चपासूनच डोकं तव्यासारखं तापतं.

आणि सगळं करून पण जात नसेल तर तो रेझरचा मामला नसेल. गोल कडा असलेली खाजरी चकती म्हणजे बहुतेक नायटा, दाढीतही होतो. पू भरलेले फोड, ताप, दुखणारी गाठ, हे पण डॉक्टरचं काम. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं खाजेची ट्यूब आणून लावू नका, त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, लगेच आराम पडतो, आतमध्ये बुरशी पसरत जाते आणि मग ती ओळखायलाही अवघड होते. त्वचारोगतज्ज्ञाकडं जा, तोपर्यंत ट्रिमर. घरात दोघं एकच रेझर वापरत असाल तर आजच बंद करा, बापलेक असला तरी. ब्लेड वेगळं घातलं तरी नको, जोवर पुळ्या आहेत तोवर रेझर पण वेगळा.

म्हणजे क्रम असा धरा की आधी मान पूर्ण शांत होऊ द्यायची, चार-पाच दिवस काही करायचं नाही, ऑफिसमध्ये कुणी विचारलं तर श्रावण पाळतोय म्हणा, महिना कुठलाही असो. मग पहिला आठवडा फक्त पाणी बदला, बाकी ब्लेड, क्रीम, रेझर सगळं तेच. थांबलं तर तिथंच थांबा, पुढचं काही खरेदी करू नका. नाही थांबलं तर गळ्याची उलटी फेरी बंद. तरी नाही तर ब्लेड सरळ बसतंय का बघा, आणि त्यानंतर ब्लेडची कंपनी.

वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, घंटागाडीवरचे लोक हातानं पिशवी उचलतात. रिकाम्या टिनच्या डब्याला झाकणात चीर पाडा, वापरलेलं ब्लेड त्यातून आत सोडायचं, डबा भरायला वर्षं जातात. भरला की चिकटपट्टीनं बंद करून, वर मोठ्या अक्षरात ब्लेड असं लिहून, गाडीवाल्याला सांगून वेगळा हातात द्या.